तह झाल्यावरहि न थांबणारें युद्ध

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनमध्यें गेले आणि युद्धांतील जखमींची शुश्रूषा करतां करतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां सोलापूरकरांनीं तरी एका प्रश्नाचा विचार अगत्यानें केला पाहिजे. युद्ध संपल्यावरहि निरपराधांना जखमी करणारीं अस्त्रें जगांत असावींत काय?

क्लस्टर बाँब हें असें अस्त्र आहे. विमानांतून टाकलेली किंवा अग्निबाणानें नेलेली एक मोठी नळी आकाशांत उघडते व तींतून शेंकडों लहान बाँब विस्तीर्ण जागेवर विखुरतात. शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीवर ती उघडली, तर शिपाई कोण, बाजारास निघालेली गृहिणी कोण आणि शाळेंतून परतणारें मूल कोण, हा भेद तिला करतां यावयाचा नाहीं.

याहून भयंकर गोष्ट अशी कीं, यांतील पुष्कळसे बाँब त्या वेळीं फुटतच नाहींत. १९६४ ते १९७३ या काळांत अमेरिकी विमानांनीं लाओस देशावर असे सुमारें २७ कोटि लहान बाँब टाकले. त्यांपैकीं अदमासें ८ कोटि न फुटतां मातींत राहिले. चेंडूएवढा तो गोळा मुलांना खेळणें वाटतो. शेतकऱ्याच्या कुदळीला तो दगडासारखा लागतो. १९७३ नंतर न फुटलेल्या दारूगोळ्यानें तेथें २०,००० हून अधिक माणसें मेलीं किंवा जायबंदी झालीं. २००१ सालीं अफगाणिस्तानांत तर टाकलेले बाँब आणि भुकेल्यांसाठीं टाकलेलीं अन्नाचीं पुडकीं, दोहोंचाहि रंग पिवळाच होता!

३० मे २००८ रोजीं डब्लिन येथें या अस्त्राच्या बंदीचा करार संमत झाला व १ ऑगस्ट २०१० पासून तो अमलांत आला. शंभराहून अधिक राष्ट्रांनीं तो मानला. अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारत मात्र बाहेरच राहिले. २०२३ सालीं अमेरिकेनें हे बाँब युक्रेनला पुरविले आणि २०२५ सालीं लिथुआनियानें करारांतून अंग काढून घेतलें. बांध फुटूं लागला आहे, म्हणूनच आतां बोलणें अवश्य आहे.

आपणांशीं याचा संबंध दूरचा नाहीं. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेनें सिद्ध केलेल्या ‘पिनाक’ अग्निबाणासाठीं असे लहान बाँब वाहणारीं शीर्षेंहि तयार झालीं आहेत. सरहद्दीवर प्रबळ शत्रु असतां हें अस्त्र आपण कां टाकावें, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु शत्रूला आपल्या भूमीवर थोपवितांना टाकलेले, न फुटलेले गोळे अखेर आपल्याच जवानाच्या पायाखालीं आणि आपल्याच शेतकऱ्याच्या नांगराखालीं यावयाचे. शिवाय आंतरराष्ट्रीय करार पाळून भारतानें आपल्या रासायनिक अस्त्रांचा सांठा २००९ पर्यंत नष्ट केला. त्यामुळें देश दुबळा झाला नाहीं. मग या अस्त्रापाशींच आपण कां अडावें?

ज्या घरांत तीन पिढ्या एका पंगतीस बसतात, तेथें हा विषय निघावा. आपल्या भागाच्या खासदारास प्रत्येक घरानें एक पत्र लिहावें आणि भारत या करारांत केव्हां सामील होणार, हा प्रश्न लोकसभेंत विचारावयास सांगावें. जखमा बांधणारा पुरुष या नगरीनें जगाला दिला. जखमाच होऊं नयेत असें म्हणणारे नागरिकहि तिनें द्यावेत.