हरळी झोपते, मरत नाही

सदाशिव पेठेत वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि फरसबंद चौकांऐवजी काही सोसायट्यांपुढे हिरवळीचे तुकडे दिसू लागले. एप्रिल-मे महिन्यांत हे तुकडे पिवळे पडले, की ‘गवत जळाले’ असे म्हणून आपण रोज नळी सोडतो. गवत खरेच जळालेले असते का?

आपल्याकडच्या हिरवळीत हमखास आढळते ती हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे तिचेच कोवळे शेंडे. शेतकऱ्याला मात्र ती नकोशी असते. नांगरून, वेचून बाहेर टाकली तरी जमिनीत राहिलेल्या एखाद्या पेरापासून ती पुन्हा फुटते. जमिनीवर सरपटणारी आणि जमिनीखाली वाढणारी अशी दोन प्रकारची खोडे तिला असतात. पाने वाळली तरी या खोडांत अन्नसाठा असतो आणि पेरांवरचे डोळे जिवंत असतात. पाऊस पडताच ते फुटतात. म्हणजे उन्हाळ्यातली पिवळी हरळी बहुधा झोपलेली असते.

ती उन्हाला भिते असेही नाही. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही तिची भावंडे. कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी वनस्पतीला पानांवरची रंध्रे उघडावी लागतात आणि त्याच वाटेने पाणी निसटते. ही गवते तो वायू प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात पकडतात व पानातील ठरावीक पेशींत नेऊन दाट करतात. त्यामुळे कमी पाण्यात जास्त साखर तयार होते. या पद्धतीला ‘सी-4’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी उसावर प्रयोग करून 1966 मध्ये ती मांडली. पुण्यातले कडक ऊन हरळीला मानवते. तिला अडवते ती पाण्याची टंचाई. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 10-12 अंशांवर आले, की पाणी असूनही तिची वाढ मंदावते.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवी ठेवलेली हिरवळ दिवसाला सुमारे 5 मिलिमीटर पाणी उडवते असे धरले, तर 100 चौरस मीटरला रोज 500 लिटर लागतील. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी 135 लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे हे जवळजवळ चार माणसांचे पाणी झाले, आणि तेही खडकवासला साखळीतल्या धरणांचा साठा खाली गेलेला असताना!

मग हिरवळ सांभाळायची कशी? ऋतूप्रमाणे. नवी लागवड आणि मोकळ्या जागा भरणे जून-जुलैत करावे. खतही पावसाळ्यातच, थोडेसे द्यावे. याच काळात कापणी वारंवार लागते. पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. गवताच्या पात्याची वाढ बुडाकडून होते, म्हणून शेंडा कापला तरी पाते वाढते. मात्र फार खरडून कापले, तर अन्न बनवणारी पानेच कमी होतात आणि मुळांची वाढ खुंटते. कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्यावेत. त्यातला नायट्रोजन मातीत परत जातो. ऑक्टोबरनंतर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्यामागे खोल जातात. उन्हाळ्यात कापणी थांबवावी, फार तुडवू नये आणि हरळीला झोपू द्यावे.

हे वर्गात तपासता येईल. पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर हरळीचे एक-एक चौरस मीटरचे दोन चौकोन आखा. एकातले गवत दर आठवड्याला 2 सेंटिमीटरवर कापा, दुसऱ्यातले 5 सेंटिमीटरवर. सहा आठवड्यांनी दोन्हींतून मातीसकट सारख्याच आकाराचा गड्डा काढा, मुळे हलकेच धुवा, त्यांची लांबी मोजा. मुळे वाळवून त्यांचे वजनही करा. मुले नोंदी ठेवतील तेव्हा एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: मे महिन्यात यांतला कोणता चौकोन जास्त काळ हिरवा राहील, आणि का?