हिंसक व्हिडिओ गेम्स आणि युवक : पुरावा व धोरण

मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलीस प्रशासनाने 'पब्जी' या मोबाइलवरील खेळावर बंदी घालणारी अधिसूचना काढली. या खेळामुळे मुलांमध्ये हिंसक प्रवृत्ती वाढते, हे त्यामागचे कारण होते. बंदीचा भंग केल्याबद्दल काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अटकही झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ मोबाइल अॅप्सवर बंदी घातली. त्यांत पब्जी मोबाइलचाही समावेश होता. मात्र या वेळी कारण होते देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा आणि वापरकर्त्यांच्या माहितीचे संरक्षण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी स्वतंत्र कायदा संमत केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे.

या तीन हस्तक्षेपांची कारणे निरनिराळी आहेत : हिंसा, माहितीची सुरक्षा आणि पैसा. सर्वसामान्य पालकांच्या मनात यांपैकी पहिल्या कारणाचे स्थान सर्वांत वरचे आहे. पडद्यावर गोळ्या झाडणारा मुलगा उद्या प्रत्यक्षात हिंसक होईल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु सार्वजनिक धोरण भीतीवर नव्हे, तर पुराव्यावर आधारलेले असावे लागते. म्हणूनच हिंसक खेळांचे लाभ आणि हानी यांविषयी संशोधन काय सांगते, हे तपासणे आवश्यक ठरते.

वादाची पार्श्वभूमी

हा वाद नवा नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' या खेळावरून प्रथम मोठी ओरड झाली. १९९२ मध्ये आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मधील रक्तपाताच्या दृश्यांमुळे डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. त्यातूनच १९९४ मध्ये खेळांचे वयोगटानुसार वर्गीकरण करणारे मंडळ उद्योगानेच स्थापन केले. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर, हल्लेखोर विद्यार्थी हिंसक खेळ खेळत असत, ही बाब चर्चेच्या केंद्रस्थानी आली. २००५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरविला. राज्याने सादर केलेले संशोधन फार तर सहसंबंध दाखविते, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, असे निरीक्षण न्यायालयाने त्या वेळी नोंदविले.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील हा फरक संपूर्ण वादाचा गाभा आहे. हिंसक खेळ खेळणारी मुले अधिक आक्रमक आढळली, तरी त्याचे तीन अर्थ संभवतात. खेळामुळे मूल आक्रमक झाले असेल. मुळात आक्रमक असलेले मूल असे खेळ निवडत असेल. किंवा घरातील कलह, पालकांचे दुर्लक्ष, परिसरातील असुरक्षितता यांसारखे तिसरेच कारण दोहोंच्या मुळाशी असेल. मुलींपेक्षा मुलगे हे खेळ अधिक खेळतात आणि मारामाऱ्याही अधिक करतात, एवढ्यावरूनही फसवा सहसंबंध दिसू शकतो.

आक्रमकता म्हणजे हिंसाचार नव्हे

मानसशास्त्रज्ञांमध्ये या विषयावर दोन तट आहेत. क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे १,३०,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. हिंसक खेळांमुळे आक्रमक विचार, भावना व वर्तन वाढते आणि सहानुभूती घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये १७,००० हून अधिक मुलांवरील २४ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. मुलांची आधीची आक्रमकता हिशेबात घेऊनही त्यात खेळ आणि नंतरची शारीरिक आक्रमकता यांचा संबंध दिसून आला.

या संबंधाचा आकार मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. इतर घटक विचारात घेतल्यावर तो सुमारे ०.०८ इतकाच उरतो. याचा ढोबळ अर्थ असा, की मुलामुलांमधील आक्रमकतेत जो फरक आढळतो, त्यातील एक टक्क्याहून कमी भागाचे स्पष्टीकरण या खेळांतून मिळते. दुसऱ्या बाजूला, ऑक्सफर्ड विद्यापीठातील अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी नेट्टा वाइनस्टाइन यांच्यासह २०१९ मध्ये १४ ते १५ वर्षे वयाच्या सुमारे १,००० ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विश्लेषणाची पद्धत त्यांनी आधीच जाहीर केली होती. आक्रमकतेची माहिती मुलांकडून न घेता पालकांकडून घेतली आणि खेळ किती हिंसक आहे, हे अधिकृत वर्गीकरणावरून ठरविले. या अभ्यासात दोहोंमध्ये संबंध आढळला नाही.

प्रयोगशाळेत आक्रमकता मोजण्याच्या पद्धतींवरही आक्षेप आहेत. प्रतिस्पर्ध्याला किती मोठा आवाज ऐकवायचा किंवा त्याच्या खाण्यात किती तिखट घालायचे, यावरून अनेक प्रयोगांत आक्रमकता मोजली गेली. अशा मापनावरून खून किंवा प्राणघातक हल्ल्याविषयी अनुमान काढणे धाडसाचे आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपल्या २०१५ च्या ठरावात सुधारणा करताना हाच भेद स्पष्ट केला. ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वर्तनाशी हिंसक खेळांचा अल्प परंतु सातत्याने आढळणारा संबंध आहे. गंभीर हिंसाचाराशी कार्यकारणसंबंध जोडण्यास मात्र पुरेसा पुरावा नाही, अशी तिची भूमिका आहे.

अर्थशास्त्राचे योगदान

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष गुन्ह्यांच्या आकडेवारीवरून तपासला. गॉर्डन डाल आणि स्टेफानो देल्लाविन्या यांनी २००९ मध्ये हिंसक चित्रपटांविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. ज्या दिवशी हिंसक चित्रपटांना १० लाख प्रेक्षक अधिक लाभतात, त्या दिवशी हिंसक हल्ल्यांचे प्रमाण १.१ ते १.३ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. याचे स्पष्टीकरण सोपे आहे : हिंसेकडे कल असलेला तरुण जो वेळ चित्रपटगृहात घालवितो, तो मद्यपान किंवा रस्त्यावरील भांडणे यांसाठी उरत नाही.

स्कॉट कनिंगहॅम, बेंजामिन एंगेलश्टेटर आणि मायकेल वॉर्ड यांनी २०१६ मध्ये हिंसक खेळांची विक्री आणि गुन्हे यांची अशीच तुलना केली. त्यांनाही विक्रीबरोबर गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. अॅग्ने सुझिएडेलिटे यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवा हिंसक खेळ बाजारात आल्यानंतर अमेरिकेतील मुलग्यांमध्ये इतरांवरील हिंसा वाढल्याचे आढळले नाही. वस्तूंची मोडतोड मात्र वाढल्याचे पालकांनी सांगितले. म्हणजे चिडचीड वाढली असावी, ती माणसांवर हल्ला करण्यापर्यंत पोहोचली नाही.

या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. ते प्रामुख्याने अल्पकालीन परिणाम मोजतात. वर्षानुवर्षे खेळण्याचा स्वभावावरील परिणाम त्यांतून कळत नाही. शिवाय बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतील आहेत. तथापि, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत खेळांची विक्री वाढत असताना तरुणांमधील हिंसक गुन्हेगारी बराच काळ घटत गेली, तसेच जपान व दक्षिण कोरिया या गेमिंगच्या मोठ्या बाजारपेठांत खुनांचे प्रमाण कमी आहे, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

लाभ किती?

हिंसक खेळ लाभदायक असतात, हा दावाही तितक्याच काटेकोरपणे तपासावा लागतो. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये दाखविले, की वेगवान कृतिप्रधान खेळांच्या सरावाने दृश्य अवधान सुधारते. २००७ मधील एका अभ्यासात, पूर्वी आठवड्याला ३ तासांहून अधिक काळ व्हिडिओ गेम्स खेळलेल्या शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि २७ टक्के कमी वेळ घेतला. मात्र या अभ्यासात केवळ ३३ शल्यचिकित्सक होते आणि हातांचे कौशल्य मुळातच चांगले असलेले लोक खेळांकडे वळले असण्याची शक्यता उरते. गटाने खेळताना सहकार्य आणि डावपेचांची आखणी यांचा सराव होतो, हेही खरे. पण हे लाभ हिंसेचे नाहीत, वेगाचे आणि सहभागाचे आहेत. हिंसा नसलेल्या खेळांतूनही ते मिळू शकतात.

खरी हानी कोठे?

हिंसेवरील चर्चेत ज्या हानीकडे दुर्लक्ष होते, ती वेळ, आरोग्य आणि पैसा यांची आहे. कोणत्याही कृतीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावा लागलेला सर्वोत्तम पर्याय. अर्थशास्त्रात यालाच संधी खर्च म्हणतात. खेळ विनामूल्य असला, तरी रोजचे ४ तास विनामूल्य नसतात. ते झोप, अभ्यास, मैदान किंवा कौशल्यशिक्षण यांतून वजा होतात. मार्क अॅग्विआर, मार्क बिल्स, कर्विन चार्ल्स आणि एरिक हर्स्ट यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, अमेरिकेतील २१ ते ३० वयोगटातील पुरुषांच्या कामाच्या तासांत जी घट झाली, तिच्यामागे संगणकीय मनोरंजन अधिक आकर्षक होणे हेही एक कारण होते. तरुण लोकसंख्येच्या बळावर प्रगतीची आकांक्षा बाळगणाऱ्या भारतासाठी हा इशारा महत्त्वाचा आहे. 'असर २०२४' अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात त्याचा शैक्षणिक उपयोग केलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणाऱ्यांचे ७६ टक्के.

आरोग्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग विकृती'चा समावेश केला आहे. खेळण्यावर नियंत्रण न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसूनही खेळ सुरूच राहणे, ही तिची लक्षणे होत. निदानासाठी ती सर्वसाधारणपणे १२ महिने दिसावी लागतात. या व्याख्येत खेळ हिंसक असण्याचा उल्लेखही नाही. अशा रुग्णांसाठी बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत २०१४ पासून विशेष उपचार केंद्र चालविले जाते.

पैशाचा प्रश्न खेळांच्या रचनेशी निगडित आहे. अनेक विनामूल्य खेळांत पैसे देऊन बंद पेटी विकत घेता येते. तिच्यातून काय निघेल, ते आधी कळत नाही. बक्षीस अनिश्चित असले, की माणूस पुनःपुन्हा प्रयत्न करतो, हे तत्त्व जुगाराच्या यंत्रांतही वापरले जाते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा सशुल्क पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसविल्या. येथे माहितीची विषमता आहे : बक्षिसाची शक्यता कंपनीला ठाऊक असते, मुलाला नसते. बाजारपेठेच्या अपयशाचे हे ठळक उदाहरण असल्याने शासकीय हस्तक्षेपाला येथे भक्कम आधार मिळतो.

धोरणात्मक पर्याय

इतर देशांचे अनुभव बोधप्रद आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन खेळांस मनाई केली. मोबाइलच्या प्रसारामुळे निष्प्रभ ठरलेला हा नियम २०२२ च्या आरंभी संपुष्टात आला. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांच्या खेळण्याच्या वेळेवर मर्यादा घातली आणि २०२१ मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी केवळ एक तास इतकी कडक केली. २०१९ च्या निर्बंधांनंतर अतिरेकी खेळणे कमी झाल्याचा विश्वसनीय पुरावा आढळला नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात म्हटले आहे. वेळेवरील सरसकट बंदी राबविणे कठीण असते, हा यातील धडा आहे.

भारताच्या २०२५ च्या कायद्याने खेळांचे ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचे खेळ असे तीन प्रकार केले असून, पहिल्या दोहोंच्या प्रोत्साहनाची आणि तिसऱ्याच्या प्रतिबंधाची तरतूद केली आहे. ही विभागणी आशयावर नव्हे, तर आर्थिक व्यवहारावर आधारलेली आहे आणि उपलब्ध पुराव्याशी ती अधिक सुसंगत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे.

तरीही काही उणिवा उरतात. चित्रपट व ओटीटी मंचांवरील कार्यक्रमांसाठी भारतात वयोगटानुसार वर्गीकरणाची व्यवस्था आहे. खेळांसाठी मात्र पालकांना मुख्यतः अॅप-दुकानांवरील आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर विसंबावे लागते. अतिहिंसक दृश्ये लहान मुलांसाठी अयोग्य आहेत, हे मान्य करण्यासाठी ती मुलांना गुन्हेगार बनवितात हे सिद्ध होण्याची गरज नाही. त्यामुळे भारतीय भाषांत समजेल असे वयोगट-वर्गीकरण, बंद पेट्यांतील बक्षिसांची शक्यता जाहीर करण्याची सक्ती, अल्पवयीनांच्या खर्चावर मर्यादा, शाळांमधील समुपदेशन आणि क्रीडांगणांची उपलब्धता या उपायांना प्राधान्य मिळावयास हवे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक पालकांपर्यंत पोहोचविणेही उपयुक्त ठरेल.

समारोप

हिंसक खेळ निरुपद्रवी आहेत, असे म्हणता येत नाही; चिडचीड व किरकोळ आक्रमकतेशी त्यांचा अल्प संबंध दिसतो. ते गुन्हेगार घडवितात, या समजुतीस मात्र पुराव्याचे पाठबळ नाही. एखाद्या तरुणाच्या हिंसक कृत्यानंतर सारा दोष खेळावर टाकला, की घरातील मारहाण, शाळेतील छळ, बेरोजगारी आणि उपचारांविना राहिलेले मानसिक आजार हे अधिक प्रबळ घटक नजरेआड होतात. पडद्यावर किती शत्रू मारले गेले, यापेक्षा पडद्यासमोर किती तास गेले, किती पैसे खर्च झाले आणि थांबण्याचे स्वातंत्र्य उरले की नाही, हे प्रश्न युवकांच्या भवितव्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. धोरणाचा रोख तिकडे वळला, तरच संरक्षण आणि स्वातंत्र्य या दोहोंचा समतोल साधला जाईल.