‘ग्रॅम’ : उच्चार एक, शब्द दोन, पिके पाच

कृषी साहित्यात ‘ग्रॅम’ हा इंग्रजी शब्द वजनाचे एकक आणि कडधान्याचे नाव अशा दोन्ही अर्थांनी येतो. उच्चार सारखा असला, तरी या दोन शब्दांची मुळे भिन्न आहेत.

वजनाचा ‘ग्रॅम’ ग्रीक ‘ग्रामा’ या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ लिहिलेले अक्षर. पुढे तो एका लहान वजनासाठी रूढ झाला आणि १७९५ मध्ये फ्रान्सने मेट्रिक पद्धतीत स्वीकारला. ‘टेलिग्राम’ या शब्दाचा उत्तरार्धही याच मुळाचा आहे.

कडधान्याचा ‘ग्रॅम’ लॅटिन ‘ग्रानुम’, म्हणजे दाणा, या शब्दापासून पोर्तुगीज भाषेच्या मार्गाने भारतीय इंग्रजीत आला. पोर्तुगीज भाषेत हरभऱ्याच्या नावाचा अर्थ ‘चोचीचा दाणा’ असा होतो. हरभऱ्याच्या दाण्याचे टोक पाहता तो समर्पक वाटतो.

भारतात हा शब्द पुढे इतर कडधान्यांनाही लागला. बेंगाल ग्रॅम म्हणजे हरभरा, ग्रीन ग्रॅम म्हणजे मूग, ब्लॅक ग्रॅम म्हणजे उडीद, रेड ग्रॅम म्हणजे तूर आणि हॉर्स ग्रॅम म्हणजे कुळीथ. नुसते ‘ग्रॅम’ लिहिले असल्यास सामान्यतः हरभरा समजावा.

गोंधळ येथेच होतो. ‘ब्लॅक ग्रॅम’चे शब्दशः भाषांतर ‘काळा चणा’ असे केल्यास उडदाची शिफारस हरभऱ्याला लागू होते. शास्त्रीय नावही फसवे ठरू शकते : ‘व्हिग्ना मुंगो’ हे उडदाचे नाव आहे, मुगाचे नव्हे, मूग म्हणजे ‘व्हिग्ना रेडिएटा’.

या चुकीची किंमत शेतात मोजावी लागते. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी निर्माण करणारे रायझोबियम तूर, मूग व उडीद यांच्या गटाहून वेगळे असते. त्यामुळे ‘ग्रॅम’ एवढाच शब्द वाचून हरभऱ्याचे संवर्धक तुरीच्या बियाण्यास चोळल्यास अपेक्षित गाठी धरत नाहीत व खर्च वाया जातो. कीटकनाशकाच्या लेबलवरील पिकाचे नाव चुकीचे वाचले गेल्यास शिफारस नसलेल्या पिकावर फवारणी होते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस देताना पिकाचे स्थानिक नाव व शास्त्रीय नाव दोन्ही लिहावे. शेतकऱ्यांनीही पाकिटावरील ‘ग्रॅम’ शब्दापूर्वीचे विशेषण पाहूनच खरेदी करावी. आकड्यानंतरचा ‘ग्रॅम’ मात्रा सांगतो. विशेषणानंतरचा ‘ग्रॅम’ पीक सांगतो.