सर्व्हरचा मेगाब्लॉक

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गाची वीज एप्रिल २०१६मध्ये १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेली. असं काम ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवून करतात. कोणी, कधी, कशानंतर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

बँकेच्या सर्व्हरमधल्या बदलाचंही तेच. त्याच्या कृतिपत्रिकेत 'डेटाबेस बंद करा' एवढ्याने भागत नाही. 'रात्री १.१०: डेटाबेस बंद करा. पडद्यावर "स्टॉप्ड" दिसायला हवं. पाच मिनिटांत दिसलं नाही, तर थांबा आणि प्रमुखाला फोन करा,' असं लिहावं. एका पायरीत एकच काम, नेमकी कमांड आणि करणाऱ्याचं नाव.

बॅकअप घ्यायचाच, पण तो परत चढवता येतो का, हेही पाहून ठेवायचं. बदल फसला तर माघार कशी घ्यायची, त्या पायऱ्याही तितक्याच तपशिलात हव्यात. सेवा पहाटे ५ला सुरू व्हायची असेल आणि माघारीला दीड तास लागत असेल, तर पुढे जायचं की मागे फिरायचं, हा निर्णय साडेतीनपर्यंत व्हायलाच हवा.

शेवटी पत्रिका दुसऱ्या सहकाऱ्याला देऊन चाचणीच्या सर्व्हरवर राबवायला सांगा. त्याला प्रश्न पडला, तर उत्तर तोंडी देऊ नका, पत्रिकेत लिहा.