शेरशहाचा रस्ता आणि जयकरांचे दोन आणे

(महामार्गांची कुळकथा : भाग ४)

राष्ट्रीय महामार्ग कोणी सुरू केले, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. शाळेतला इतिहास आठवणारे शेरशहा सूरीचं नाव घेतात, टोलनाक्यावर खिसा रिकामा करणारे वाजपेयींचं. शेरशहाने १५४० ते १५४५ या राजवटीत सराया बांधल्या, झाडं लावली, रस्ता नांदता केला हे खरंच. पण गंगेच्या खोऱ्यातली ती वाट मौर्यांच्या काळीही वापरात होती. आणि सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झालेले रस्ते बहुतेक आधीपासूनच राष्ट्रीय महामार्ग होते.

खरी सुरुवात झाली ती खर्च कोणी करायचा, या वादातून. १९१९च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांच्या गळ्यात घातले. मोटारी वाढत गेल्या, प्रांतांच्या तिजोऱ्या काही वाढल्या नाहीत. १९२७ साली दिल्ली सरकारने समिती नेमली, अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, तिथलं ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे जयकर. रस्ते हा प्रांतांच्या आवाक्याबाहेरचा, साऱ्या देशाचा प्रश्न आहे, असं समितीने बजावलं आणि पैशाची सोयही सुचवली : पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर. १९२९मध्ये त्यातूनच केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो गाडी पळवतो त्यानेच रस्त्याचा भार उचलावा, हा विचार आजच्या टोलनाक्यांपेक्षा बराच जुना आहे.

पुढचा टप्पा नागपूरचा. डिसेंबर १९४३मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, मुख्य अभियंते तिथे जमले. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची उतरंड त्यांनी लावली. आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या दगडांवरचं ‘प्रजिमा’, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, हे त्याच घराण्यातलं. कुठे किती पक्के रस्ते हवेत याचं सूत्रही बसवलं. शेतीचं क्षेत्र, गावांची संख्या वगैरे मांडायची आणि आलेल्या बेरजेतून त्या भागातल्या लोहमार्गाची लांबी चक्क वजा करायची! सरकारचा पैसा रेल्वेत गुंतलेला; रुळांशेजारी रस्ता म्हणजे घरातच भाऊबंदकी. ही वजाबाकी सुटायला १९६१ची मुंबई योजना यावी लागली.

१ एप्रिल १९४७ला, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी, केंद्राने सुमारे २१ हजार किलोमीटर रस्त्यांचा खर्च आपल्याकडे घेतला. रीतसर कायदा १९५६चा.

म्हणूनच रुंदीवरून दर्जा ओळखायला जाऊ नये. केंद्राची अधिसूचना निघाली की अरुंद डांबरी रस्ताही राष्ट्रीय महामार्ग होतो. उलट नागपूर-मुंबई समृद्धी एवढा ऐसपैस, पण तो बांधला राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने. तो राष्ट्रीय नव्हे.

पुढच्या आठवड्यात : २०१० साली पुणे-बंगळूर रस्त्याचा चार नंबर जाऊन अठ्ठेचाळीस का आला.