आडवी बाटली

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत त्याला चांगली नोकरी आहे आणि बाणेरला त्याने नुकतीच सदनिका घेतली आहे. सुताराने काढून दिलेला दिवाणखान्याच्या भिंतीचा आराखडा त्याने माझ्यापुढे पसरला. दूरचित्रवाणी संचाची जागा, पुस्तकांचे दोन खण, शोभेच्या वस्तूंसाठी काचेचे कपाट आणि त्याच्या शेजारी, पश्चिमेच्या खिडकीलगत, चोवीस चौकोनी कप्प्यांची एक जाळी. "हा वाइन रॅक, सर. बारा बाटल्यांचा करावा की चोवीस, लाकडी की लोखंडी, एवढेच ठरायचे आहे." हा प्रश्न मलाच का, असे विचारता तो हसून म्हणाला, "रिकार्डो शिकवताना पोर्तुगालच्या वाइनचे नाव तुम्ही इतक्या वेळा घेतलेत, की दुसरे कोणी आठवलेच नाही."

खरी अडचण त्याने चहा झाल्यावर सांगितली. वास्तुशांतीसाठी सांगली जिल्ह्यातल्या गावाहून त्याची आई येणार होती. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून ज्या बायका दारोदार फिरल्या, त्यांत ही माउली पुढे होती. अशा मागणीवर महिलांचे मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. दुकान राहावे म्हणणाऱ्यांसाठी उभी बाटली, बंद व्हावे म्हणणाऱ्यांसाठी आडवी. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, की दुकानाला टाळे लागते. जिने आडव्या बाटलीसाठी मते मागितली, तिच्याच मुलाच्या दिवाणखान्यात आता चोवीस बाटल्या आडव्या होणार होत्या!

प्रस्तुत लेखक मद्यपान करीत नाही; तथापि दुसऱ्याच्या घरात डोकावून उपदेश करण्याचीही त्याला हौस नाही. परंतु हा प्रश्न आता एका घरापुरता उरलेला नाही. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली, आणि पाहता पाहता वाइन ही मध्यमवर्गाच्या परिचयाची वस्तू झाली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्यावर केवढे वादळ उठले, हे वाचकांना आठवत असेल. वस्तू घरात आली, की तिला जागा लागते. आणि जागा द्यायची म्हटली, की विचार करावाच लागतो.

बाटली आडवी का?

बाटली आडवी ठेवण्याची प्रथा फार जुनी नाही. सतराव्या शतकातील इंग्रजी बाटली कांद्यासारखी फुगीर बुडाची असे. ती उभीच राही. १७०३ च्या मेथुएन कराराने पोर्तुगालच्या वाइनवरील इंग्लंडमधील जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी ठरली आणि पोर्तुगीज मालाचा ओघ सुरू झाला. याच अठराव्या शतकात बाटलीचा आकार हळूहळू उभट व सडपातळ होत गेला, आणि तळघरात बाटल्या एकावर एक आडव्या रचता येऊ लागल्या. बाटली आडवी असली म्हणजे आतले द्रव्य बुचाला भिडून राहते; बूच ओले राहिले म्हणजे ते आक्रसत नाही; आणि बूच आक्रसले नाही म्हणजे हवा आत शिरून वाइन आंबत नाही. रॅक नावाच्या वस्तूच्या मुळाशी एवढेच साधे कारण आहे.

साहजिकच, जिथे बूच नाही तिथे हे कारणही नाही. आज अनेक भारतीय बाटल्यांना फिरकीचे धातूचे झाकण असते. अशी बाटली उभी ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही. म्हणजे रॅक घेण्यापूर्वी पहिली तपासणी लाकडाची नव्हे, आपण आणतो त्या बाटलीच्या तोंडाची करावयास हवी.

साठा कशासाठी?

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. घरात बारा किंवा चोवीस बाटल्या साठवायच्याच कशाला? माणसे रोख पैसा जवळ का बाळगतात, याची तीन कारणे केन्सने १९३६ मध्ये सांगितली, ती आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात: दैनंदिन व्यवहार, अडीअडचणीची तरतूद आणि भावी किमतीवरील अटकळ. हीच कसोटी बाटलीला लावून पाहू.

व्यवहारासाठी म्हणावे, तर माझ्या विद्यार्थ्याच्या घरी महिन्याला फार तर एक बाटली संपते. चोवीस बाटल्यांचा रॅक म्हणजे दोन वर्षांचा साठा झाला. गव्हाचाही साठा आपण वर्षाचा करतो, तोही नवे पीक स्वस्त असते म्हणून. वाइनच्या दुकानात तसा हंगाम नसतो. अडीअडचणीची तरतूद म्हणावी, तर दुकान दहा मिनिटांवर आहे. रात्री अचानक पाहुणा आला आणि घरात वाइन नव्हती, म्हणून कोणाचे अडल्याचे ऐकिवात नाही. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही अस्तित्वात आहे, मद्य बाळगणे हे परवान्याच्या अधीन आहे आणि परवान्याला मर्यादा आहे, हे रॅकचे कप्पे मोजताना विसरून चालणार नाही.

उरते ती अटकळ: वाइन जुनी झाली म्हणजे मौल्यवान होते, ही समजूत. या समजुतीने अर्थशास्त्राला पूर्वी बरेच छळले आहे. श्रमावरून मूल्य ठरते असे मानणाऱ्या रिकार्डोपुढे प्रश्न उभा राहिला, की तळघरात नुसत्या पडून राहिलेल्या वाइनचे मूल्य कोणाच्या श्रमाने वाढते? ही अडचण आपल्याला ओलांडता येत नाही, हे त्याने १८२३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, मॅक्कलकला लिहिलेल्या पत्रात प्रांजळपणे कबूल केले. पुढे विक्सेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने त्याचा हिशेब मांडला. वाइनचे मूल्य ज्या दराने वाढते, तो दर व्याजाच्या दरापेक्षा अधिक असेल तोवरच ती ठेवावी. त्यानंतर ती ठेवणे तोट्याचे.

आता हा हिशेब बाणेरच्या सदनिकेत करून पाहावा. समजा, हजार रुपयांची एक याप्रमाणे चोवीस बाटल्या आणल्या. चोवीस हजार रुपये अडकले. सात टक्के दराने वर्षाचे व्याज सोळाशे ऐंशी रुपये. रॅकची किंमत आणि भिंतीची जागा वेगळीच. एवढा खर्च सोसून मूल्य वाढते का? काही थोड्या निवडक, महागड्या वाइनच वर्षानुवर्षे ठेवल्याने सुधारतात. जगातील बहुतेक वाइन, आणि आपल्या बाजारात सामान्यतः मिळते ती तर बहुतांशी, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ती ठेवून सुधारत नाही, उतरते. साठा अंगाशी कसा येतो, हे नाशिकने अनुभवलेही आहे. २००८ नंतरच्या मंदीत मागणी खालावली, कारखान्यांच्या टाक्यांत माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकावे लागले. न खपलेल्या साठ्याची झळ शेवटी बागेपर्यंत पोहोचली.

घर म्हणजे तळघर नव्हे

तरीही चार-सहा बाटल्या घरी असाव्यात, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. मग त्या कोठे ठेवाव्यात? वाइनला साधारण बारा-तेरा अंशांची स्थिर थंडी, थोडा दमटपणा आणि अंधार मानवतो. युरोपातील दगडी तळघरात हे सारे फुकट मिळते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा अडतीस ते चाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत पश्चिमेच्या खिडकीलगतचा रॅक म्हणजे वाइनची भट्टीच म्हणावयाची. उष्णतेने द्रव्य प्रसरण पावते, बूच बाहेर ढकलले जाते आणि चव करपते. नेमक्या याच जागा आपल्याकडे रॅकसाठी निवडल्या जातात: खिडकीजवळ, ओट्याच्या वर किंवा शीतकपाटाच्या डोक्यावर, जिथे उष्णताही असते आणि थरथरही.

थंडीसाठी छोटे विजेचे कपाट मिळते. ते घेताना आत यंत्र कोणते आहे, हे विचारावे. काँप्रेसरशिवाय चालणारी स्वस्त कपाटे बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. ऐन वैशाखात त्यांची दमछाक होते. महिन्याला एक बाटली पिणाऱ्याने असे कपाट बारा महिने चालवणे म्हणजे पावशेर दह्यासाठी म्हैस बांधण्यासारखे आहे. त्यापेक्षा उन्हाळ्यात साठा करूच नये, हा सर्वांत स्वस्त उपाय.

राहिला लाकूड की लोखंड हा प्रश्न. वाइनला त्याने फारसा फरक पडत नाही. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलो भरते. म्हणजे चोवीस बाटल्यांचा भार तीस किलोंच्या पुढे जातो. तो पातळ भिंतीवर चार खिळ्यांनी टांगू नये. सर्व बाटल्या एका जाडीच्या नसतात, फसफसणाऱ्या वाइनची बाटली अधिक जाड असते. म्हणून कप्पा तिच्या मापाने नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा असावा. बाटली आत ढकलली तरी बाहेर घरंगळणार नाही, एवढे पाहावे. याहून अधिक शास्त्र त्यात नाही.

खरे तर हे सारे शास्त्र आपल्या घरांना नवीन नाही. लोणच्याची बरणी उन्हापासून दूर, फडताळाच्या खालच्या अंधाऱ्या खणात, तोंडाला दादरा बांधून ठेवली जाई. दाण्यासाठी कणगी होती, मडक्यांची उतरंड होती, आणि लोण्यादह्यासाठी शिंके. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या गुणधर्मावरून आणि घराच्या गरजेवरून ठरे. लोणचे घरात पुरेसे आहे हे पाहुण्यांना कळावे, म्हणून कोणी बरणी ओसरीवर मांडून ठेवली नाही.

दाखवणे आणि दडवणे

केन्सच्या तीन कारणांत बाटली बसत नाही, मग चोवीस कप्पे कशासाठी? उत्तर व्हेब्लेनने १८९९ मध्येच देऊन ठेवले आहे. काही वस्तू वापरासाठी नसतात. आपण कोण झालो आहोत, हे इतरांना सांगण्यासाठी असतात. दिवाणखान्यातील रॅक ही अशी वस्तू आहे. त्यातील बाटल्या भरलेल्या दिसाव्यात हेच तिचे काम. त्यामुळे एक रिकामी झाली की दुसरी आणणे भाग पडते, आणि रॅकच हळूहळू घराच्या पिण्याचे प्रमाण ठरवू लागतो. वस्तूने माणसाच्या सवयीप्रमाणे असावे; सवय वस्तूप्रमाणे बदलू लागली, तर सावध व्हावे. ज्या घरात उद्या मुले वाढायची आहेत, त्या घराने तर अधिकच.

मी त्याला एवढे सांगितले, की खिडकीलगतची जाळी रद्द कर. सहा बाटल्यांची एक साधी मांडणी आतल्या खोलीच्या कपाटात, खालच्या खणात, अंधारात बसव. तिच्याजोगती तीच जागा आहे. "म्हणजे आईला दिसणारही नाही," तो सुटकेच्या स्वरात म्हणाला. मला तसे म्हणायचे नव्हते. मिरवण्यासाठी जागा निवडणे जसे चुकीचे, तसेच दडवण्यासाठी निवडणेही. बाटली तिथे ठेवावी ती तिथे ती टिकते म्हणून. आणि ती तिथे आहे, हे आईला आपण होऊन सांगावे. ज्या बाईने गावातल्या चार घरांचे संसार दारूने उद्ध्वस्त होताना पाहिले, तिचा राग चुकीचा म्हणण्याचा अधिकार ना तुला आहे ना मला. महिन्याला एक बाटली आणि गावातला गुत्ता यांत फरक आहे, असे तुला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो फरक तिला समजावून सांगता आला पाहिजे. सांगता येत नसेल, तर कप्पे सहा असावेत की चोवीस, हा प्रश्नच उरत नाही.

वास्तुशांतीला मला जाता आले नाही. नंतर त्याचा दूरध्वनी आला. कपाटात सहांची मांडणी केली आहे आणि जाळीच्या जागी पुस्तकांचा तिसरा खण आला आहे, असे त्याने सांगितले. आईला सर्व सांगितले, असेही म्हणाला. ती काय म्हणाली, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मात्र त्या सहांपैकी सध्या दोनच कप्पे भरलेले आहेत, एवढे त्याच्या बोलण्यात आले.