धातुगर्भ मुद्रित मंडल

धातुगर्भ मुद्रित मंडल : इलेक्ट्रॉनीय घटकांची विद्युत् जोडणी करण्याबरोबरच त्यांत निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी धातूच्या पट्टीवर तयार केलेले मुद्रित मंडल. नेहमीच्या मुद्रित मंडलात तांब्याचे पातळ मार्ग काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांपासून बनविलेल्या तक्त्यावर चिकटविलेले असतात. हा तक्ता उत्तम विद्युत् निरोधक असतो. पण तो उष्णतेचाही निरोधक असल्याने घटकाच्या पोटात निर्माण झालेली उष्णता तेथेच साचून राहते. धातुगर्भ मंडलात या तक्त्याची जागा ॲल्युमिनियमची किंवा क्वचित तांब्याची पट्टी घेते आणि तांब्याचे मार्ग व ही पट्टी यांच्यामध्ये निरोधक पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. एकपदरी प्रकारात धातू मध्यभागी नसून तळाशी असतो. त्यामुळे ‘गर्भ’ हा शब्द तेथे तितकासा यथार्थ नाही. तथापि तोच रूढ झाला आहे.

तत्त्व : दिव्याची उष्णता बाहेर कशी पडते, यावर त्याची घडण अवलंबून असते. कराडजवळील ओगलेवाडीच्या काच कारखान्यातून निघणाऱ्या प्रभाकर कंदिलात उष्णतेचा मोठा भाग जळलेल्या वायूंबरोबर वरच्या झाकणातून निघून जाई. तापदीप्त विजेच्या दिव्यातील टंगस्टनाची तार सु. २,५००° से.पर्यंत तापते व बहुतेक ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या रूपाने काचेतून बाहेर टाकते. प्रकाश उत्सर्जक डायोडाची, म्हणजे एलईडीची, गोष्ट वेगळी आहे. त्याला दिलेल्या विद्युत् ऊर्जेपैकी साधारणतः ३० ते ५० टक्के ऊर्जेचा प्रकाश होतो आणि उरलेली सर्व उष्णता काही चौ. मिमी. आकाराच्या अर्धसंवाहक चकतीत निर्माण होते. चकतीचे तापमान १००° से.च्या आसपास असताना प्रारणाने जाणारी उष्णता नगण्य असते, तर पुढच्या बाजूला असलेले भिंग व प्रकाशमान लेप हे उष्णतेचे मंदसंवाहक असतात. म्हणून एलईडीच्या उष्णतेला संवहनाने पाठीमागे जाण्यावाचून दुसरी वाट नसते, आणि त्या वाटेवरील पहिला टप्पा म्हणजे मुद्रित मंडल होय. हाच प्रकार शक्ति-ट्रँझिस्टर व मॉस्फेट यांसारख्या स्विचांचा.

या वाटेचा विचार ऊष्मीय रोधाच्या रूपाने करता येतो. एखाद्या थराचा ऊष्मीय रोध त्याच्या जाडीच्या सम प्रमाणात, तर उष्णता संवाहकता व क्षेत्रफळ यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. काचतंतु-एपॉक्सीची उष्णता संवाहकता सु. ०·३ वॉट/मी. के. एवढीच असते. १·६ मिमी. जाडीच्या अशा तक्त्याच्या १ चौ. सेंमी. क्षेत्रातून ३ वॉट उष्णता पार न्यावयाची झाल्यास त्याच्या दोन पृष्ठभागांत सु. १६०° से. फरक पडावा लागेल. घटक त्यापूर्वीच निकामी होईल. याउलट ०·१ मिमी. जाडीचा व २ वॉट/मी. के. संवाहकतेचा निरोधक थर आणि त्याखाली १·५ मिमी. जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी असेल, तर तेवढ्याच उष्णतेला २° से.पेक्षाही कमी फरक पुरतो. प्रत्यक्षात उष्णता एवढ्या ऐसपैस जागेतून शिरत नाही. ती घटकाखालच्या चौ. सेंमी.च्या एक दशांश जागेतूनच गेली, तर एकट्या निरोधक थरात १५° से. फरक पडतो. यासाठी घटकाखालील तांब्याचा मार्ग शक्य तितका रुंद ठेवून उष्णता आडवी पसरू देतात.

वरील उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते व ती महत्त्वाची आहे. मंडलाच्या एकूण ऊष्मीय रोधापैकी सु. चार पंचमांश रोध त्या ०·१ मिमी.च्या थराचा असून त्याच्या पंधरापट जाड असलेल्या धातूचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे. ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरल्याने उष्णता आडवी पसरण्यास मदत होते खरी. पण सरळ खाली जाणाऱ्या उष्णतेच्या दृष्टीने हा खर्च फारसा फलदायी ठरत नाही. मंडलास नाव धातूचे मिळाले असले, तरी त्याचा बरेवाईटपणा निरोधक थरावरून ठरतो. बाजारात पट्टी हातात घेऊन तिच्या वजनावरून व चकाकीवरून केलेली पारख म्हणूनच फसवी असते.

निरोधक थर : या थराकडून परस्परविरोधी अपेक्षा केलेल्या असतात. उष्णतेसाठी तो पातळ हवा, तर विद्युत् सुरक्षिततेसाठी जाड. हा पेच नवा नाही. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये कारखाना वसविला व पुढे ते गाव पंपांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध झाले. पंप चालविणाऱ्या विद्युत् चलित्राची रचना पाहिल्यास हाच पेच तेथेही आढळतो. चलित्राच्या गुंडाळ्यांत निर्माण होणारी उष्णता खाचेतील निरोधक कागद ओलांडून लोखंडी गाभ्यात व तेथून बिडाच्या कवचावरील कंगोऱ्यांपर्यंत पोहोचावी लागते. कागद जाड केला तर गुंडाळी तापते, पातळ केला तर ती कवचाशी भिडून विद्युत् धक्का बसण्याचा धोका वाढतो. विहिरीतील पाणबुडी पंपाला सभोवतालचे पाणी थंड ठेवते. कोरड्यात चालविल्यास तो थोड्याच वेळात जळतो, हा अनुभव सर्वत्र आहे.

मुद्रित मंडलात या पेचातून काढलेली वाट म्हणजे सिरॅमिकची भुकटी मिसळलेले रेझीन. ॲल्युमिना, बोरॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम नायट्राइड यांचे सूक्ष्म कण रेझिनात दाटीने भरले असता विद्युत् निरोधन टिकून राहते आणि उष्णता संवाहकता १ ते ३ वॉट/मी. के.पर्यंत, व खास प्रकारांत त्याहून बरीच अधिक, वाढते. थराची जाडी बहुधा ७५ ते १५० मायक्रोमीटर असते. कणांचे प्रमाण फार वाढविल्यास थर ठिसूळ बनतो व तांब्याची पकड ढिली होते. भुकटी महाग असल्याने स्वस्त मालात तीच कमी केलेली असते. असा थर डोळ्यांनी ओळखता येत नाही. तापमान मोजल्यावर किंवा दिवा बंद पडल्यावरच त्याचा उलगडा होतो.

इतिहास : मुद्रित मंडलाची कल्पना पाउल आइसलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने इंग्लंडमध्ये १९३६ च्या सुमारास रेडिओसाठी प्रत्यक्षात आणली व दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा सर्वत्र प्रसार झाला [⟶ मुद्रित मंडल]. निरोधित ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मंडल उभारण्याचे तंत्र १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधील सान्यो कंपनीने विकसित केले. ‘एसटीके’ या अक्षरांनी ओळखली जाणारी तिची ध्वनिवर्धक मंडले अशाच पट्टीवर तयार केलेली असत. टेपरेकॉर्डर व ध्वनिवर्धक जुळविणाऱ्या भारतीय कारागिरांच्या हातून ती शेकड्यांनी गेली. मात्र त्यांच्या पाठीवरील धातूचा पत्रा म्हणजेच मंडलाचा पाया होय, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. या मंडलांना खरी मागणी आली ती पांढऱ्या एलईडीमुळे. १९९३ मध्ये शूजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा डायोड तयार केला आणि त्यावर पिवळ्या प्रकाशमान द्रव्याचा लेप देऊन काही वर्षांतच पांढरा प्रकाश मिळविण्यात आला. या कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर रस्त्यांवरील सोडियम दिव्यांची व नलिकादिव्यांची जागा एलईडीने झपाट्याने घेतली.

उत्पादन : तांब्याचा ३५ ते १०५ मायक्रोमीटर जाडीचा पत्रा, निरोधक थर व धातूची पट्टी एकावर एक ठेवून निर्वात दाबयंत्रात उष्णता व दाब देऊन सांधतात. नंतर प्रकाशसंवेदी लेपाच्या साहाय्याने नको असलेले तांबे रसायनाने विरघळवून काढतात. हे रसायन ॲल्युमिनियमलाही खात असल्याने पट्टीची पाठ तेवढ्यापुरती संरक्षक पटलाने झाकतात. दिव्यांच्या मंडलांवर शेवटी पांढरा लेप देतात, कारण तो प्रकाश परावर्तित करतो. छिद्र पाडून आतून तांबे चढविण्याची नेहमीची रीत येथे चालत नाही. तसे केल्यास मार्ग धातूच्या पट्टीला जोडला जाईल. म्हणून बहुतेक धातुगर्भ मंडले एकपदरी असतात. दोन्ही बाजूंना मार्ग हवे असल्यास धातूत आधी मोठे छिद्र पाडून ते रेझिनाने भरतात व त्यात पुन्हा लहान छिद्र पाडतात. तयार मंडलाच्या थरावर काही हजार व्होल्टचा दाब देऊन तो फुटत नाही ना, हे तपासतात.

डाख देताना मात्र धातूचा गुणच अडचणीचा ठरतो. डाखणीची उष्णता पट्टी तत्काळ पसरवून टाकते, त्यामुळे साध्या डाखणीने सांधा नीट वितळत नाही. सर्व मंडल खालून तापविणारी तवी वापरूनच घटक बदलावा लागतो. दुरुस्तीच्या दुकानांत याला फाटा देऊन एकसरीत जोडलेल्या एलईडींपैकी जळलेल्याची दोन टोके तारेने जोडून दिवा चालू करण्याची पद्धत आढळते. दिवा लागतो; पण उरलेल्या एलईडींवरील किंवा त्यांना प्रवाह पुरविणाऱ्या मंडलावरील भार वाढतो व पुढचा बिघाड लवकर येतो.

प्रत्यक्ष परिस्थितीतील कार्य : मंडल उष्णता नाहीशी करीत नाही, ती केवळ पुढे पोहोचविते. पुढे विसर्जक कंगोरे व हवा यांनी आपले काम केले नाही, तर उत्तम मंडलही निरुपयोगी ठरते. या दृष्टीने कृष्णाकाठच्या पलूस तालुक्यासारखा प्रदेश उद्‌बोधक आहे. तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८° ते ४०° से.पर्यंत जाते. रस्त्यावरील दिवा रात्री जळत असल्याने त्याला या उन्हाचा उपद्रव तुलनेने कमी होतो. सौर कृषिपंपाच्या नियंत्रकाची स्थिती नेमकी उलट आहे. सौर पट्ट्यांतून येणारा प्रवाह ऐन दुपारी सर्वाधिक असतो, त्याच वेळी पंप पूर्ण भाराने चालतो आणि हवाही तेव्हाच सर्वांत तापलेली असते. नियंत्रकातील स्विच काही बनावटींत धातुगर्भ मंडलावर, तर मोठ्या शक्तीच्या बनावटींत सिरॅमिकच्या पट्टीवर बसविलेले असतात. २०१९ पासूनच्या केंद्रीय कुसुम योजनेमुळे असे पंप शेतोशेती पोहोचले आहेत. नियंत्रकाची पेटी सौर पट्ट्यांच्या सावलीत, कंगोरे उभे राहतील व त्यांमागे हवा खेळेल अशी बसविणे हा बिनखर्ची उपाय आहे. नियंत्रकातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य तापमान १०° से.ने वाढल्यास निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम असल्याने सावलीचे मोल सहज कळून येईल.

पलूस व शेजारचा तासगाव तालुका द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहेत. भुरी रोगासाठी बागेत गंधक वापरतात. गंधकयुक्त बाष्पे एलईडीच्या आतील चांदीच्या मुलाम्याला काळवंडतात व प्रकाश मंदावतो. बोर्डो मिश्रणातील मोरचूद ॲल्युमिनियमच्या उघड्या कडांना खाते. म्हणून बागेलगतच्या दिव्यांची कवचे घट्ट बंद असणे आवश्यक असते. वळवाच्या पावसाबरोबर होणाऱ्या विजांमुळे तारांत क्षणिक उच्च दाब उद्‌भवतो. हा आघात अखेर त्या ०·१ मिमी.च्या थरावर येतो. तो फुटला तर दिव्याचे धातूचे कवच सजीव होते. खांबाचे भूयोजन व आघातरोधक साधन यांची उपेक्षा केलेल्या ठिकाणी हा धोका केवळ यंत्रापुरता राहत नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरांत भिलवडी, अंकलखोप आदी नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. पाण्याखाली गेलेले मंडल वरून वाळले, तरी कडांतून आत शिरलेल्या ओलाव्याने थराचे निरोधन घटलेले असते; निरोध मोजल्याशिवाय असा नियंत्रक पुन्हा जोडणे योग्य नव्हे.

दिवा दररोज तापतो व निवतो. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक दर अंश से.ला दशलक्षात सु. २३, तर एलईडीच्या सिरॅमिक बैठकीचा सु. ७ असतो. या तफावतीचा ताण मधल्या डाखावर पडून कालांतराने त्यात भेगा जातात. रात्रीतून एकदाच लागणाऱ्या दिव्याला वर्षाला ३६५ आवर्तने घडतात. वीजपुरवठा वारंवार खंडित झाल्यास ती कितीतरी वाढतात. तांब्याच्या पट्टीचा प्रसरणांक सु. १७ असल्याने मोटारगाडीच्या पुढील दिव्यांत, खर्च अधिक असूनही, ती पसंत केली जाते.

दिव्याच्या खरेदीपत्रकात वॉट व लुमेन यांचे आकडे नमूद केलेले असतात. निरोधक थराची संवाहकता व जाडी मात्र क्वचितच मागितली जाते. दिव्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे त्याचे आयुष्य असे मानतात. हे आयुष्य हजारो तासांत छापलेले असले, तरी ते डायोडाच्या ठराविक तापमानालाच लागू असते. ग्रामपंचायतीने दिवा काही तास जळल्यावर कवच व मंडल यांच्या तापमानांतील फरक तपासून घेतला, तर मालाची बरीचशी परीक्षा होते : मंडल तापलेले व कवच थंड असेल, तर उष्णता मध्येच अडली आहे असे समजावे.

पर्याय : साध्या तक्त्यात घटकाखाली तांबे चढविलेली अनेक बारीक छिद्रे पाडून त्याचा ऊष्मीय रोध कमी करता येतो व मध्यम शक्तीच्या घटकांना ते पुरते. उच्च शक्तीसाठी ॲल्युमिना (सु. २५ वॉट/मी. के.) किंवा ॲल्युमिनियम नायट्राइड (सु. १७० वॉट/मी. के.) यांच्या पट्ट्या वापरतात. त्यांत पट्टी स्वतःच निरोधक असल्याने वेगळ्या थराची गरज नसते, परंतु त्या महाग व ठिसूळ असतात. धातुगर्भ मंडलातील ॲल्युमिनियम भंगारात विकले जाते. मात्र रेझिनाचा थर पट्टीला घट्ट चिकटलेला असल्याने धातू व तांबे वेगळे करणे अवघड असते आणि उघड्यावर जाळून ते सोडविण्याची रीत आरोग्यास अपायकारक आहे.